निर्मनुष्य बेटावरच्या दिव्याकडे कोण बघतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: किनाऱ्यापासून लांब, कुणीही राहत नसलेल्या बेटावरचं दीपगृह वर्षानुवर्षं आपोआप कसं चालतं? बंद पडलं तर कळतं कसं? आणि आता जवळपास प्रत्येक जहाजावर उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र असताना ते चालू ठेवायचं कशाला? गेली बावीस वर्षं मी अशा दीपगृहांच्या देखभालीचं काम करते आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोकांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे आणि दुसऱ्याचं बरंच अवघड.

दिवा सांजेला आपोआप लागणं आणि उजाडताच विझणं हे कोडं शंभर वर्षांपूर्वीच सुटलेलं आहे, तेही विजेशिवाय. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी १९०७ मध्ये सूर्यझडप बनवली. तिच्यात धातूच्या चार कांड्या असतात, एक काजळासारखी काळी आणि तीन आरशासारख्या चकचकीत. हवा तापली किंवा गार पडली तर चारही कांड्या सारख्याच लांबतात-आखडतात, त्यामुळे झडप जागची हलत नाही. पण उजेड पडला की काळी कांडी तो शोषून घेते आणि चकचकीत कांड्या तो परतवून लावतात. काळी तेवढी केसभर जास्त लांबते आणि ॲसिटिलीन वायूची वाट बंद करते. अंधार झाला की आखडते, वाट मोकळी होते आणि बारीक तेवत ठेवलेल्या ज्योतीवर वायू पेट घेतो. मी ही झडप पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिच्यातला सगळ्यात सुंदर भाग मला तो वाटला: हवेच्या तापमानाला ती बधिर आहे, फक्त उजेडाला जागी होते.

दालेन यांची आणखी दोन साधनं या कामाला आली. एक होतं वायू थोडा थोडा साठवून क्षणभरच जाळणारं लुकलुकयंत्र, ज्यामुळे वायूची प्रचंड बचत होते. दुसरी होती सच्छिद्र पदार्थाने भरलेली टाकी, जिच्यात ॲसिटिलीनसारखा स्फोटक वायू सुखरूप ठेवता येतो. १९१२ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी एका चाचणीत स्फोट होऊन त्यांची दृष्टी गेली. पुरस्कार घ्यायला त्यांचे भाऊ गेले. समुद्रावरच्या हजारो लोकांना रात्री दिसावं म्हणून झटलेला माणूस पुढची पंचवीस वर्षं अंधारात राहून काम करत होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग असं असताना मोठ्या दीपगृहांवर राखणदार इतकी वर्षं का राहिले? इंग्लंडमधलं एडिस्टोन १९८२ मध्ये स्वयंचलित झालं, बिशप रॉक १९९२ मध्ये. स्कॉटलंडमधलं शेवटचं राखणदाराचं दीपगृह, फेअर आयल साऊथ, ३१ मार्च १९९८ ला रिकामं झालं. लांब पल्ल्याच्या दिव्यांना ताकद जास्त लागायची, डिझेल जनरेटर लागायचे, टनावारी वजनाचं भिंग पाऱ्याच्या कुंडात तरंगवून फिरवावं लागायचं, ही कारणं होतीच. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. राखणदार दिवा लावायचा हे त्याचं पाच मिनिटांचं काम. उरलेली रात्र तो दिव्याकडे बघायचा. काच धुरकटली का, ज्योत पिवळी पडली का, भिंगाची चाल मंदावली का, गिअरमधून नेहमीपेक्षा वेगळा आवाज येतोय का, हे तो बघत होता, ऐकत होता, वास घेत होता. लावण्याचं काम यंत्राला केव्हाच दिलं गेलं. बघण्याचं काम यंत्राला देणं अजून पूर्ण झालेलं नाही, आणि माझी नोकरी त्या अपुऱ्या राहिलेल्या भागात आहे.

बघणारा माणूस बेटावर असूनसुद्धा बातमी किनाऱ्यावर पोहोचत नसेल तर काय होतं, याचं उदाहरण जुनं आणि जड आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, लुइस बेटापासून सुमारे २० मैलांवर फ्लॅनन बेटं आहेत. तिथलं दीपगृह ७ डिसेंबर १८९९ ला सुरू झालं. एका वर्षानंतर, १५ डिसेंबर १९०० च्या रात्री, तिथून जाणाऱ्या आर्क्टर नावाच्या जहाजाला दिवा दिसला नाही. ती गोष्ट वेळेत पोहोचायला हवी तिथे पोहोचली नाही. हवामानामुळे उशीर झालेली हेस्पेरस ही बदलीची बोट २६ डिसेंबरला बेटावर लागली, तेव्हा जेम्स डुकॅट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर हे तिघेही राखणदार नाहीसे झालेले होते. लोक या घटनेत गूढ शोधतात. मला त्यातले अकरा दिवस दिसतात: दिवा विझलेला, तीन माणसं गेलेली, आणि किनाऱ्यावर कुणाला पत्ता नाही. हेच दीपगृह १९७१ मध्ये स्वयंचलित झालं. आजही मी कुठल्याही नव्या यंत्रणेचा आराखडा हातात आला की पहिल्यांदा हेच विचारते, की हा दिवा विझला तर किती वेळात कुणाला कळेल?

आता आजची यंत्रणा. मनोऱ्यावर किंवा गॅलरीच्या कठड्यावर एलईडीचा दिवा असतो, बाहेर सोलर पॅनेल, आत बॅटऱ्या. एक कंट्रोलर दिव्याची लय सांभाळतो. ही लय म्हणजे दिव्याचं नाव. एडिस्टोन दर दहा सेकंदांत दोनदा चमकतो, फ्लॅनन दर तीस सेकंदांत दोनदा. नकाशावर ती छापलेली असते आणि खलाशी घड्याळ लावून ती मोजतो. उजेड कमी झाला तर जहाजाला त्रास होतो, पण लय चुकली तर जहाज एका दिव्याला दुसराच दिवा समजू शकतं, आणि ते विझलेल्या दिव्यापेक्षा वाईट. म्हणून मुख्य दिवा गेला तर राखीव दिवा तीच लय धरतो, फक्त त्याचा पल्ला कमी असतो.

राखीव दिव्याबद्दल एक कळकळीची सूचना. तो मुख्य दिव्याच्या केबलवर, त्याच फ्यूजवर, त्याच बॅटरीवर बसवू नका. कागदावर दोन दिवे दिसतात, प्रत्यक्षात एकच उंदीर एकच वायर कुरतडतो आणि दोन्ही जातात. मी हे एका बेटावर पाहिलं आहे.

या सगळ्याला वीज किती लागते? उदाहरण म्हणून एक हिशेब मांडते. चमकताना २० वॅट घेणारा दिवा दर पाच सेकंदांत अर्धा सेकंद चमकतो, म्हणजे सरासरी २ वॅट. चौदा तासांच्या रात्रीत २८ वॅट-तास. पूर्वीचा हजार वॅटचा बल्ब फिरत्या भिंगामागे रात्रभर जळायचा, तेव्हा एवढ्याच रात्रीत १४,००० वॅट-तास जायचे. पाचशे पट फरक. पल्ला सारखा नाही हे खरं, एलईडी बसवताना बऱ्याच ठिकाणी पल्ला कमी केला गेला. पण आता याच हिशेबात कंट्रोलर, संदेश पाठवणारा मोडेम, जहाजांना ओळख कळवणारा एआयएस संच आणि सेन्सर धरा. सगळे मिळून ४ वॅट म्हटले तरी ते चोवीस तास चालू असतात, म्हणजे ९६ वॅट-तास. दिव्यापेक्षा दिव्यावर नजर ठेवणारी यंत्रं तिपटीहून जास्त वीज खातात. नवीन इंजिनियर पहिल्यांदा ही बेरीज करतात तेव्हा त्यांना ती चुकल्यासारखी वाटते. ती बरोबर असते.

ढगाळ हवेत वीस दिवस सूर्य मिळाला नाही तरी चालावं असं धरलं, आणि बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही असं ठरवलं, तर १२ व्होल्टवर चारशे अँपिअर-तासांच्या आसपास साठा लागतो. पॅनेलचा कोन अक्षांशावर ठरतो, पण समुद्री पक्ष्यांच्या बेटावर मी तो नेहमीच जास्त उभा ठेवते. आडव्या पॅनेलवर शीट साठते, उभ्यावरून पावसाने ती वाहून जाते. दुपारचं थोडं ऊन गेलं तरी चालतं.

सौरऊर्जा परवडू लागण्याआधी लोकांनी काय काय करून पाहिलं तेही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत बाल्टिमोर बंदराजवळच्या दीपगृहावर १९६४ मध्ये ६० वॅटचा अणुविद्युत संच बसवला होता. सोव्हिएत संघाने तर आर्क्टिक किनाऱ्यावर किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम-९० वर चालणारे हजाराच्या आसपास संच वापरले. वर्षानुवर्षं कुणी हात न लावता ते चालायचे, पण लक्ष ठेवणारं कुणी उरलं नाही तेव्हा धातूचोरांनी काही संच फोडले. ते गोळा करून सुरक्षित ठिकाणी नेण्याचं काम पुढे अनेक वर्षं चाललं.

बंद पडल्याचं कळतं कसं, हा दुसरा प्रश्न. बेटावरचा मोडेम ठरावीक वेळाने किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षाला आकडे पाठवतो: बॅटरीचा व्होल्टेज, दिव्याचा करंट, पॅनेलकडून येणारा करंट, तापमान, दार उघडलं का, पाणी शिरलं का. बिघाड झाला तर अलार्म येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठरल्या वेळी काहीच आलं नाही तर तोही अलार्म धरायचा. गप्प बसलेलं बेट ठीक आहे असं कधीही समजू नये.

या सगळ्या आकड्यांत मी रोज सकाळी एकच आकडा आधी बघते: पहाटेचा व्होल्टेज. उजाडण्याच्या जरा आधी बॅटरी रात्रभराच्या कामाने सगळ्यात थकलेली असते. तो एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. पण महिन्याभराचे पहाटेचे आकडे एकाखाली एक ठेवले आणि शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे ठेवले की बॅटरी म्हातारी होत चालल्याचं अलार्म वाजायच्या कितीतरी आधी कळतं. वैद्य नाडी बघतो तसंच. एकदा पहाटेचा व्होल्टेज रोज थोडा थोडा उतरत होता आणि दिवसाचं चार्जिंग मात्र चांगलं होतं. आठवडाभर कोडं सुटेना. मग लक्षात आलं की दिव्याचा करंट भर दुपारीही दिसतोय. उजेड ओळखणाऱ्या फोटोसेलवर एक सीगल पक्षी बसायचा आणि त्याच्या शिटेने ती काच झाकून गेली होती. यंत्राला अखंड रात्र वाटत होती. त्यानंतर आम्ही फोटोसेलवर बारीक काटे लावले आणि जोडीला सूर्यास्ताची वेळ धरणारं घड्याळही बसवलं.

आता ज्या घटनेमुळे मी आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणं सोडलं, ती सांगते. एका बेटावर जुनं फिरतं भिंग तसंच ठेवलेलं होतं, आत बल्ब बदलून, खाली छोटी विजेची मोटर. नियंत्रण कक्षात सगळं हिरवं: दिवा चालू, करंट बरोबर, फिरणं बरोबर. तिसऱ्या रात्री एका मच्छीमार बोटीवरच्या तांडेलाने रेडिओवर कळवलं, "तुमची बत्ती एकाच बाजूला टक लावून बसली आहे." आम्हाला पटेना. पण बोट पाठवली. वर जाऊन पाहिलं तर मोटर छान फिरत होती आणि तिच्यावरची पिन तुटून भिंग जागच्या जागी थांबलं होतं. फिरण्याचा सेन्सर मोटरच्या शाफ्टवर बसवलेला होता, भिंगाच्या टेबलावर बसवलेला नव्हता. सेन्सर खोटं बोलला नव्हता, त्याला मोटरबद्दल विचारलं होतं आणि त्याने मोटरबद्दल सांगितलं. मधल्या तीन रात्री एका दिशेच्या जहाजांना स्थिर दिवा दिसला आणि बाकी सगळ्या दिशांना अंधार होता.

थांबलेल्या भिंगाचा दुसरा धोका दिवसा असतो. सूर्याचे किरण उलट दिशेने भिंगातून आत येतात, एका बिंदूवर जमतात आणि तिथलं जे असेल ते जाळतात. म्हणूनच राखणदार सकाळी दिवा विझवला की खिडक्यांना पडदे लावायचे. पडदे लावणारं कुणी उरलं नाही तेव्हा पुष्कळ ठिकाणी भिंग दिवसाही फिरतं ठेवण्याचा उपाय निघाला. त्या दिवशी भिंगाच्या आतल्या बाजूला एका वायरचं आवरण वितळून थेंबासारखं लोंबकळत होतं. मी तो तुकडा कापून आणला आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते.

एलईडीने यात आणखी एक अडचण आणली. बल्ब गेला की एकदम जातो, करंट शून्य होतो आणि अलार्म वाजतो. लॅम्प चेंजर नावाचं साधं चक्र पुढचा बल्ब समोर आणतं आणि काम चालू राहतं. एलईडी मात्र हळूहळू मंदावतो. करंट तोच, लय तीच, उजेड मात्र वर्षागणिक कमी. शिवाय काचेवर मिठाचा थर बसतो, त्याचा तर करंटशी काहीच संबंध नाही. त्यामुळे शक्य तिथे मी दिव्याच्या झोतात, काचेच्या बाहेर, उजेड मोजणारा सेन्सर बसवण्याचा आग्रह धरते. तो स्वतः खारवतो, त्याचीही देखभाल लागते, हे मान्य आहे. तरीही करंट मोजण्यापेक्षा उजेड मोजावा.

दीपगृहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएलएने, अत्यंत महत्त्वाच्या दिव्यांसाठी ९९.८ टक्के उपलब्धतेचं उद्दिष्ट ठेवलं आहे आणि ते तीन वर्षांच्या काळावर मोजतात. ऐकायला हा आकडा साधा वाटतो. तीन वर्षांचे सुमारे २६,३०० तास होतात. त्यातले ०.२ टक्के म्हणजे जेमतेम ५३ तास. दोन दिवस आणि काही तास, तेही तीन वर्षांत मिळून. आता समुद्र खवळलेला आहे आणि दहा दिवस बोट लागत नाही, असं समजा. एका बिघाडात २४० तास गेले आणि उपलब्धता ९९.१ टक्क्यांवर आली. दूरच्या बेटावर दुरुस्तीचा वेग आपल्या हातात नसतो, तो लाटांच्या हातात असतो. त्यामुळे आपल्याला एकच गोष्ट करता येते: बिघाड झाला तरी दिवा विझू नये इतकी जोडयंत्रणा आधीच ठेवणं. खर्च कमी करताना आधी राखीव संचावर कात्री चालवणाऱ्यांना मी हाच हिशेब कागदावर करून दाखवते.

यंत्रांबद्दल एवढं बोलले, पण निर्मनुष्य दीपगृहाचं सगळ्यात मोठं दुखणं यंत्राचं नाहीच. ते आहे ओल. राखणदार राहायचे तेव्हा चूल पेटायची, दिव्याची धग असायची, दारं-खिडक्या रोज उघडायच्या. जाड दगडी भिंती आतून कोरड्या राहायच्या आणि हे काम चाललंय हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. माणसं गेली, दार बंद झालं. तरी काही वर्षं डिझेल जनरेटर आणि मोठे बल्ब होते, त्यांची ऊब होती. मग सौरऊर्जा आणि एलईडी आले आणि तीही गेली. म्हणजे प्रत्येक सुधारणेबरोबर मनोरा आतून गार होत गेला. गार भिंतीवर हवेतली वाफ जमते, लोखंडी जिना गंजतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात, पितळेवर हिरवट थर चढतो. दिव्याच्या खोलीच्या काचांना आतून घाम फुटतो आणि झोत अंधुक होतो. यावर बाहेरून सिमेंट किंवा घट्ट रंग थापणं हा सगळ्यात वाईट उपाय, त्याने भिंतीतलं पाणी आतच कोंडतं. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो. खाली आणि वर, दोन्हीकडे पाऊस शिरणार नाही अशी झरोक्यांची सोय केली की मनोरा धुराड्यासारखा हवा ओढतो. एका बेटावर आम्ही एवढंच केलं. पुढच्या भेटीत दार उघडल्यावर नेहमीचा तो कुबट, तळघरासारखा वास आला नाही. मला आत पाऊल टाकण्याआधीच कळलं की काम झालं आहे. त्या वासासाठी बाजारात सेन्सर मिळत नाही.

भेटी किती होतात? साधारण वर्षातून एक मोठी भेट ठरलेली, बाकी बिघाडानुसार. हेलिकॉप्टर असेल तर ठीक, नाहीतर बोटीने. उतरताना लाटेच्या उंचीपेक्षा मी तिची लय बघते. तीन-चार मोठ्या लाटा येतात, मग जरा उसंत मिळते, त्या उसंतीत कातळावर पाऊल टाकायचं. एका दिवसाचं काम असलं तरी चार दिवसांचं खाणं-पाणी सोबत घ्यायचं. परत नेणारी बोट येईलच असं नसतं.

बेटावर पोहोचल्यावर माझा एक नियम आहे. पहिल्या संध्याकाळी कशालाही हात लावायचा नाही. पाना नाही, मीटर नाही. मी मनोऱ्यापासून थोडं लांब, जिथून दिवा नीट दिसेल अशा कातळावर बसते आणि अंधार पडायची वाट बघते. दिवा किती उजेड असताना लागला ते टिपते. मग स्टॉपवॉच घेऊन एक नाही, सलग दहा आवर्तनं मोजते. एका आवर्तनात बोटाची चूक होऊ शकते, दहांत ती विरून जाते. मग चालत वेगवेगळ्या बाजूंनी बघते, कुठे अँटेनाची काठी आड येते का, कुठे कठड्याची सावली पडते का. काही वर्षांपूर्वी कुणीतरी नवीन अँटेना दिव्याच्या अगदी समोर उभी केली होती. आकड्यांत ती कुठेच दिसली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागते: बॅटरीची टोकं उघडून पांढरी भुकटी साफ करायची, पेट्रोलियम जेली लावायची, हायड्रोजन बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी घरटं झालेलं नाही ना बघायचं, आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या तडितवाहकाचा जमिनीशी जोड तपासायचा, काचा गोड्या पाण्याने धुवायच्या. खाऱ्या पाण्याचा थेंब फडक्यात राहिला तर काचेवर ओरखडे उठतात, म्हणून धुतल्याशिवाय पुसायचं नाही. शेवटी मुख्य दिव्याची वायर मुद्दाम काढायची आणि राखीव दिवा खरंच लागतो का ते बघायचं. लागेल असं गृहीत धरलेला राखीव दिवा मी मोजत नाही.

धुक्याच्या भोंग्यांबद्दल फार लिहीत नाही. बंद काचेच्या केबिनमधून जहाज चालवणाऱ्याला ते ऐकूच येत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी ते काढले गेले.

उरला तिसरा प्रश्न. उपग्रह असताना दिवा कशाला? उपग्रहाचा संदेश फार दुरून आणि फार क्षीण येतो, त्याला दाबणं किंवा त्याच्या जागी खोटा संदेश घालणं अवघड नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात निदान वीस जहाजांच्या यंत्रांनी आपण समुद्रात नसून किनाऱ्यावरच्या गेलेंजिक विमानतळावर आहोत असं दाखवलं होतं. दिवसाढवळ्या विमानतळ ओळखता येतो. अंधारात तोच खोटेपणा अर्ध्या मैलाचा असता तर कुणाला संशय आला असता? दिवा हा त्या यंत्रापासून पूर्णपणे वेगळा साक्षीदार आहे. डोळ्याने दिसतो, त्याची दिशा घेता येते आणि ती नकाशाशी ताडून बघता येते.

मात्र तो किती दुरून दिसेल याचा अंदाज हवा. पृथ्वीच्या गोलाईमुळे उंचीची एक मर्यादा असते: दिव्याच्या आणि बघणाऱ्याच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं घ्या, त्यांची बेरीज करा आणि २.०८ ने गुणा, उत्तर सागरी मैलांत येतं. फ्लॅननचा दिवा समुद्रापासून १०१ मीटर उंच आहे. डोळा पाण्यापासून चार मीटरवर असेल तर उत्तर पंचवीस येतं. पण नकाशावर त्याचा पल्ला वीसच लिहिलेला आहे, कारण उजेडाची ताकद तेवढी आहे, आणि तीही हवा दहा सागरी मैलांपर्यंत स्वच्छ आहे असं धरून. धुकं असेल तर हे सगळे आकडे बाजूला ठेवा.

आता बरेच दिवे एआयएसवरूनही स्वतःची ओळख देतात. दर काही मिनिटांनी नाव, जागा आणि दिवा चालू आहे की नाही हे जहाजाच्या पडद्यावर येतं. खुणेच्या जागी काहीही नसताना नुसताच ठिपका दाखवणारे आभासी खुणांचे संदेशही असतात. नवीन बुडालेल्या जहाजाची जागा तातडीने दाखवायला ते फार उपयोगी आहेत. पण ते जहाजाच्या त्याच पडद्यावर येतात जो उपग्रहावर अवलंबून आहे, म्हणून त्यांना दिव्याचा पर्याय म्हणणं मला मान्य नाही.

एक गोष्ट मात्र एलईडीने खरोखर गेली आणि जुन्या खलाशांना तिची हुरहूर वाटते, मलाही वाटते. मोठं भिंग फिरायचं तेव्हा त्याचे झोत चाकाच्या आऱ्यांसारखे आकाशात फिरायचे. दिवा क्षितिजाखाली असतानाच त्याचा उजेड ढगांच्या पोटावर सरकताना दिसायचा. आताचा दिवा एका क्षणी चमकतो आणि विझतो, तो आधी खूण देत नाही.

तुम्ही स्वतः समुद्रावर जात असाल तर एवढं करा. नकाशाप्रमाणे दिसायला हवा तो दिवा दिसला नाही, मंद दिसला, किंवा त्याची लय वेगळी वाटली, तर वेळ, स्वतःची जागा, दिव्याची दिशा आणि त्या वेळी हवा किती स्वच्छ होती हे टिपून घ्या आणि जवळच्या किनारी रेडिओ केंद्राला लगेच कळवा. तिथून इतर जहाजांना इशारा जातो आणि आम्हाला निरोप येतो. यंत्राने कळवलंच असेल असं समजून गप्प राहू नका. त्या तांडेलाने तसं समजलं असतं तर आमच्या पडद्यावर ते भिंग आणखी कितीतरी दिवस फिरत राहिलं असतं.